रॉटरडॅमला माझा श्वास अडकला तेव्हा

आमच्या ऑफिसात परदेश प्रवासाच्या विम्याचं काम गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आज्या, युरोपच्या ग्रुप टूरला निघालेले निवृत्त शिक्षक, पहिल्यांदाच दुबई बघणारी जोडपी, सगळे माझ्या टेबलासमोर बसून जातात. प्रत्येकाला मी पॉलिसीचा कागद उलटून दाखवते. "हा मागचा नंबर मोबाइलमध्ये घालून ठेवा, आणि कागद कायम जवळ बाळगा. हॉटेलवर ठेवू नका." लोक मान डोलावतात आणि कागदाची घडी करून पाकिटाच्या अशा कप्प्यात सरकवतात, की त्यांचं पाकीट मारणाऱ्यालाही तो सापडू नये.

मागच्या एप्रिलमध्ये मी स्वतः पहिल्यांदा परदेशात गेले आणि ज्या दिवशी तो कागद लागला, त्या दिवशी तो हॉटेलवर होता.

जायचं कारण माझं नव्हतंच. माझी थोरली नणंद आमच्या नाशिकजवळ सायखेड्याला असते. तिच्या यजमानांना आम्ही सगळे दाजी म्हणतो. दाजींची द्राक्षं बरीच वर्षं हॉलंडला जातात. कंटेनर भरून मुंबईच्या बंदराकडे रवाना झाला की दाजींच्या दृष्टीने माल दिसेनासा होतो. तो तिकडे नेमका कुठे मांडतात, कोण उचलतं, उचलताना चेहरा कसा करतं, हे एकदा डोळ्यांनी बघायचं त्यांच्या मनात होतं. गावातले काही बागायतदार आदल्या वर्षी जाऊन आले, तेव्हा दाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. म्हणून या खेपेला माल काढून झाल्यावर, वेलींची खरड छाटणी सुरू व्हायच्या आत, आठ दिवसांचं ठरलं. नणंद, म्हणजे आमच्या ताई, बरोबर जाणार होत्या, पण इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं. माझ्या नवऱ्याला कारखान्यातून सुट्टी मिळेना. तो मला म्हणाला, "तू जा. नाहीतरी तू ऑफिसात दिवसभर इंग्रजी फॉर्मच भरतेस."

अशी मी दुभाषी म्हणून निघाले. शिवाय खजिनदार, वाटाड्या आणि सामानाची राखणदारही मीच. तिघांचे पासपोर्ट माझ्या पर्समध्ये होते.

पहिले तीन दिवस झकास गेले, असं मी घरी फोनवर सांगत होते. खरं म्हणजे मी दिवसभर बोलत होते. दाजी मला ट्रॅममध्ये शेजारच्या म्हाताऱ्याला विचारायला लावायचे, की इथे पाऊस किती पडतो आणि पाण्याचा निचरा कसा करतात. ताईंना दुकानदाराला विचारायचं असायचं, की हा स्वेटर धुतल्यावर आटतो का. मग त्यांची उत्तरं मराठीत सांगायची. मग त्या उत्तरांवरचे प्रश्न. हॉटेलवर ताई घरून आणलेल्या विजेच्या छोट्या कुकरमध्ये मुगाची खिचडी लावायच्या आणि धुराची घंटा वाजू नये म्हणून मी टॉवेल घेऊन वारा घालत उभी राहायचे. पहाटे चारला माझे डोळे आपोआप उघडायचे. मी पर्स उघडून पासपोर्ट मोजायचे. तीनच असायचे. तरी पुन्हा मोजायचे.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही रॉटरडॅममधल्या एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये गेलो आणि दाजींना फळांच्या मांडणीत 'इंडिया' लिहिलेले द्राक्षांचे डबे दिसले.

दाजी देवळात शिरताना थांबतात तसे क्षणभर थांबले. मग चष्मा लावून पुढे झाले. एक डबा उचलला, उलटा केला, उजेडाकडे धरला. "देठ बघा वहिनी, अजून हिरवा हे. पंचवीस दिवस बोटीत राहून." मग दुसरा डबा. मग त्यांनी सायखेड्याला व्हिडिओ कॉल लावला आणि तिकडच्या लोकांना एकेक डबा दाखवायला लागले. तिसऱ्या डब्याचं झाकण त्यांनी उघडलं, तशी दुकानातली एक सोनेरी केसांची मुलगी आली आणि मला विचारू लागली, की हे गृहस्थ काय करताहेत. मी सांगायला लागले, की हे शेतकरी आहेत, बहुधा ही त्यांचीच द्राक्षं आहेत. ती म्हणाली, असतील, पण डबा उघडायचा नसतो. दाजी म्हणाले, तिला विचारा, हा माल कधी आला. ताई म्हणाल्या, तिला आधी विचार, बाथरूम कुठंय. तेवढ्यात नाशिकहून नवऱ्याचा फोन आला. कुकरची शिटी सापडत नव्हती.

मी फोन कानाला लावला, तोंड उघडलं आणि श्वासच आला नाही.

म्हणजे येत असणार, नाहीतर हे लिहायला मी नसते. पण मला तो लागत नव्हता. छातीवर कुणी पाट ठेवून बसल्यासारखं झालं. बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, कानात पाण्याचा आवाज भरला. मला खात्री पटली, की मी आता या दुकानात, बटाट्यांच्या शेजारी मरणार. आणि इंग्रजी गेलं. एक शब्द शिल्लक राहिला नाही. त्या मुलीचे हात धरून मी तिला स्वच्छ मराठीत सांगत होते, "अगं, मला श्वास येत नाहीये, कुणाला तरी बोलव." ती डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती.

ताईंनी मला खाली बसवलं. फीट आली, चक्कर आली, की नाकाशी कांदा धरायचा हे त्यांना पाठ. शेजारच्या ढिगातून त्यांनी एक कांदा उचलला, फरशीवर आपटला, हाताने फोडला आणि माझ्या नाकाशी धरला. मग स्वतः हुंगला. तोंड वाकडं केलं. "पाणचट हे. ह्याला वासच नाय." तो बाजूला ठेवून त्यांनी दुसरा फोडला. त्यालाही नव्हता. मी मरत असताना माझी नणंद हॉलंडच्या कांद्याला नावं ठेवत होती, हे मला त्या अवस्थेतही स्पष्ट कळत होतं.

दाजींनी हातातला डबा झाकण लावून जागेवर ठेवला, सायखेड्याचा कॉल बंद केला आणि एकशे बारा लावला. मागे एकदा शेजारच्या मळ्यात मारामारी झाली, तेव्हा त्यांनी हाच नंबर लावला होता. इथे तो लागेल की नाही, हा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नाही. आणि तो लागला. युरोपातही तोच नंबर आहे, हे अकरा वर्षं लोकांना विमा देऊनही मला आठवलं नव्हतं.

पलीकडून काहीतरी विचारलं. दाजी शांतपणे म्हणाले, "ॲम्ब्युलन्स. लेडीज. श्वास, श्वास." मग छातीवर हात ठेवून मोठ्याने दोनदा धाप लागल्यासारखं करून दाखवलं, फोनवर. पत्ता विचारला असावा, तेव्हा त्यांनी फोन त्या सोनेरी केसांच्या मुलीच्या हातात दिला आणि मराठीत म्हणाले, "पोरी, पत्ता तू सांग." तिने सांगितला.

ॲम्ब्युलन्स आली. एक उंचेला माणूस आणि एक बुटकी बाई. त्यांनी दोन जाहिरातींचे फलक ओढून माझ्याभोवती आडोसा केला. छातीला तारा लावल्या. यंत्रातून कागदाची पट्टी बाहेर येऊ लागली. तो माणूस माझ्यासमोर एका उलट्या क्रेटवर बसला आणि म्हणाला, "माझ्याबरोबर श्वास सोडा. घेऊ नका, सोडा." त्याच्याबरोबर मी सोडत राहिले. हळूहळू हाताच्या मुंग्या उतरल्या आणि त्यांच्याबरोबर इंग्रजीही परत आलं, आधी नामं, मग क्रियापदं.

तो म्हणाला, "तुमचं हृदय चांगलं आहे. हा पॅनिक अटॅक असावा."

मी म्हटलं, "पुन्हा तपासा."

"दोनदा तपासलंय."

"मी घाबरणारी बाई नाही," मी म्हटलं. "यांचे पासपोर्टसुद्धा माझ्याकडे असतात."

त्याने मान हलवली, जणू निदानाला पुष्टीच मिळाली. मग आवाज कमी करून त्याने विचारलं, या दोघांबरोबर तुम्हाला सुरक्षित वाटतं का. ताईंनी लगेच मला विचारलं, "काय म्हणतोय?"

"विचारतोय, तुमच्यापासून मला काही धोका आहे का."

ताईंनी जरा विचार केला. "सांग त्याला, चार दिवस खिचडी मीच करून घालतेय."

मी सांगितलं. तो पहिल्यांदा हसला. निघताना तो म्हणाला, की आजच डॉक्टरांशी बोलून घ्या, मी कळवून ठेवतो. दुकानाने दोन कांद्यांबद्दल काही म्हटलं नाही.

तातडीच्या डॉक्टरांचं केंद्र जवळच होतं. तिथे बसल्यावर मी विम्याच्या मदतीच्या नंबरला फोन लावायला घेतला. कागद हॉटेलवर होता आणि नंबर माझ्या मोबाइलमध्येही नव्हता. ऑफिसातल्या सहकारी बाईंना फोन करून घेतला. नाशिकला तेव्हा रात्रीची जेवणं होऊन झोपायची तयारी चालली होती. त्या म्हणाल्या, "अहो, पण तो कागदाच्या मागे असतो ना." मी म्हटलं, हो, असतो.

विम्याच्या मदत केंद्रातल्या मुलाने हिंदीत विचारलं, "मॅडम, तकलीफ क्या है?" मी म्हटलं, "छाती में दर्द." तो म्हणाला, डॉक्टर काय म्हणाले. मी म्हटलं, अजून भेटले नाहीत, ॲम्ब्युलन्सवाला पॅनिक अटॅक म्हणाला. त्याने सावकाश, सौम्य आवाजात सांगितलं, की आजची तपासणी मिळेल, पण तक्रार मनाची असेल, तर पुढच्या खर्चाचं कलमं बघून सांगावं लागेल. हे वाक्य शब्दशः माझं होतं. किती जणांना मी ते याच सौम्य आवाजात ऐकवलं असेल. ऐकणाऱ्याला ते कसं लागतं, ते मला त्या दिवशी कळलं. मुलगा मात्र चांगला होता. फोन ठेवण्याआधी त्याने विचारलं, "मॅडम, आपके साथ कोई है ना?"

डॉक्टर माझ्याच वयाच्या बाई होत्या. त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती ही, की दुभाषी हवा का. मी जरा ताठ झाले. म्हटलं, इथे दुभाषी मीच आहे. त्या म्हणाल्या, "तुमचं इंग्रजी छान आहे. पण काळजी कुठल्या भाषेत करता?" मी म्हटलं, मराठीत. त्यांनी फोन लावला. बराच वेळ वाट बघितल्यावर स्पीकरवर एका बाईचा आवाज आला.

"नमस्कार. मी आपली दुभाषी. डॉक्टर विचारत आहेत, की आपणांस अशा प्रकारचा त्रास यापूर्वी कधी उद्भवला होता काय?"

इतकं शुद्ध मराठी मी शाळा सुटल्यापासून ऐकलं नव्हतं. मी नाही म्हणायच्या आत ताई म्हणाल्या, "तिला कसला त्रास? सगळं घर तिच्या जिवावर चाललंय." दुभाषी बाईंनी तेही इमानेइतबारे इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

"आपली झोप समाधानकारक आहे काय?"

"झोपती कुठं," ताई म्हणाल्या. "पहाटं उठून पासपोर्ट मोजती. मी बघते ना पांघरुणातून."

डॉक्टरांनी हेही लिहून घेतलं. मग फोनमधून आवाज आला, "आपल्या नातलगांनी कृपया बाहेर प्रतीक्षा करावी, अशी डॉक्टरांची विनंती आहे."

ताई उठल्या. दारापाशी थांबून फोनला म्हणाल्या, "पुण्याच्या का तुम्ही?"

"नाही हो," फोन म्हणाला. "साताऱ्याची."

दार लागल्यावर डॉक्टरांनी विचारलं, की गेल्या काही वर्षांत कुणी जवळचं गेलं का. स्वतःला काही करून घ्यावं असं वाटतं का, हेही विचारलं. तसं कधी वाटलं नव्हतं. जवळचं म्हणजे माझे वडील गेले होते, तीन वर्षांपूर्वी. ती गोष्ट मी बऱ्याचदा सांगते. ऑफिसात नवीन मुलं येतात, त्यांनाही सांगते. वडिलांना दवाखान्यात नेलं, तेव्हा मी खाली कॅशलेसच्या खिडकीशी होते आणि एक कागद कमी नाही, एक सही चुकलेली नाही, चाळीस मिनिटांत मंजुरी आणली. नवीन मुलांना ते सांगताना मी तिथेच थांबते. डॉक्टरांना मी पुढचंही सांगितलं. मंजुरीचा कागद घेऊन मी जिन्याने वर गेले, तर कॉटचा पडदा ओढलेला होता. नर्सने माझ्या हातातला कागद घेतला आणि म्हणाली, आता खालच्या खिडकीला दुसरा फॉर्म भरावा लागेल. मी खाली गेले आणि तो भरला. त्याच्यातही चूक नव्हती.

मी बोलायची थांबले आणि फोनमधून इंग्रजी यायची वाट बघू लागले. आलं नाही. डॉक्टर फोनकडे बघत होत्या.

मग फोनमधला आवाज म्हणाला, "ताई, एक मिनिट थांबते हं मी. मग सांगते त्यांना." यात 'काय', 'आपणांस', 'कृपया', काहीच नव्हतं. मला रडू आलं, ते तिथे. बरंच आलं. डॉक्टरांनी रुमालांचा डबा पुढे सरकवला आणि घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही.

शेवटी त्यांनी मला समजावून सांगितलं, की हे होतं, याने माणूस मरत नाही, पण मरतोय असंच वाटतं. पुन्हा झालं तर श्वास सोडण्यावर लक्ष द्या. इथे असेपर्यंत मन फार घाबरं झालं तर बोलायला एक नंबर दिला, तो प्रवाशांनाही चालतो म्हणाल्या. घरी गेल्यावर दाखवायला पत्र दिलं. आणि म्हणाल्या, "पासपोर्ट दुसऱ्या कुणाकडे तरी द्या."

बाहेर ताईंनी त्या खोलीत बसलेल्या सगळ्यांना डिंकाचे लाडू वाटले होते. पाय मुरगळलेला एक तरुण दुसरा लाडू खात होता. पासपोर्ट दाजींनी घेतले आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवून वर पिन लावली. दुसऱ्या दिवशी मी सकाळी साडेसातला उठले. दाजी चारपासून जागे होते.

उरलेले दिवस आम्ही फारसं काही केलं नाही. कालव्याकाठी बाकावर बसायचो. मी भाषांतर करायचं नाही, असं ताईंनी फर्मान काढलं होतं. काही अडलं नाही. ताईंनी मराठीत घासाघीस करून तिन्ही सुनांना पर्स घेतल्या. दाजींना आणि एका डच माळ्याला अर्धा तास छाटणीबद्दल बोलताना मी पाहिलं, दोघंही हातांनीच.

घरी परतले तोवर सायखेड्यापासून नाशिकला आमच्या इंदिरानगरपर्यंत सगळ्यांना कळलं होतं, की मला तिकडे जबरदस्त पित्त झालं. ताईंनीच सांगितलं होतं, माझी बाजू सांभाळायला. फोन येत राहिले. कुणी आवळा सांगितला, कुणी कोकम, एका मावशींनी तर पोस्टाने चूर्ण पाठवलं. नवऱ्याला मी खरं सांगितलं. तो म्हणाला, "मी तेव्हा शिटी विचारत होतो का?" पत्र मात्र मी कपाटात साड्यांखाली ठेवलं. उद्या बघू, परवा बघू, करत तीन आठवडे गेले.

मग एक दिवस दाजी औषधं आणि खतं घ्यायला नाशिकला आले ते दुपारी घरी आले. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "वहिनी, तो कागद दाखवला का कोणाला?"

"दाखवते," मी म्हटलं. "ऑफिसात मार्चअखेरचं अजून निस्तरतेय."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "गंगापूर रोडला एक डॉक्टर बाई हेत. बऱ्या हेत. मी जातो."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "तुम्ही? कशासाठी?"

"ट्रॅक्टर पलटी झाला होता माझा, ध्यानात हे ना? मला काय लागलं नाय. पण मंग पुढं स्टेअरिंगला हात लावला की हात कापायचे. बसायचोच नाय मी. दीड वर्ष झालं जातोय."

"घरी माहीत आहे?"

"घरी मी गुडघ्याचं सांगतो."

"ताईंना?"

"तिला माहीत हे. ती बी गुडघाच म्हणते." मग म्हणाले, "दुकानात तुम्हाला बघितलं, तेव्हाच मला अंदाज आला होता. पण आधी हार्टचं बघून घ्यावं लागतं. माझंबी आधी तेच बघितलं होतं."

दुसऱ्याच दिवशी मी फोन करून वेळ घेतली.

तो दवाखाना तिसऱ्या मजल्यावर आहे आणि दुसऱ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत, ही मोठी सोय. पहिल्या गुरुवारी लिफ्टमध्ये आमच्याच कॉलनीतल्या, मागच्या गल्लीतल्या बाई भेटल्या. त्यांनी विचारलं, "दात का?" मी म्हटलं, "हो, दाढ." त्या म्हणाल्या, "माझीपण दाढच." दुसरा मजला आला, दार उघडलं. दोघीही उतरलो नाही. दार मिटलं. तिसऱ्या मजल्यावर दोघी उतरलो आणि समोरासमोरच्या खुर्च्यांत बसून एकाच मासिकाच्या दोन अंकांमागे तोंड लपवलं. तिसऱ्या गुरुवारी त्यांनीच मासिक खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "आपण रिक्षा एकच करू या का?"

तेव्हापासून एकत्र जातो. मला मधे दोनदा तसंच झालं. एकदा भाजी निवडताना, एकदा ऑफिसात समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना. त्या माणसाला मी म्हटलं, दोन मिनिटं बसा, आणि टेबलाला धरून श्वास सोडत राहिले. तो बसला. पाणी आणून दिलं त्याने. झोप बरी लागते आता, रोज नाही, पण बऱ्याचदा.

मागच्या गल्लीतल्या त्या बाईंनी त्यांच्या घरी दाढेचंच चालू ठेवलं होतं. परवा त्यांच्या सासूबाईंनी विचारलं, की एवढे महिने एकच दाढ चालली आहे का, तोंडात आहेत तरी किती. मग त्यांनी बसून सगळं सांगून टाकलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं. तुळशीला पाणी घालून आल्या. म्हणाल्या, "मलाही कधीकधी जीव नको झाल्यासारखं होतं गं. घरात कुणाला सांगायचं? मलापण एकदा ने."

या गुरुवारी रिक्षात आम्ही तिघी होतो.